पथ्याची भाकर

अंगावर काही उठलं की लोक अजून मला विचारतात, "काकू, काय काय बंद करू?" काय खाऊ, असं कोणी विचारत नाही. आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. नातीच्या वयाच्या मुली तोंडावर चार पुटकुळ्या आल्या की आधी शेंगदाणे सोडतात, मग डाळ, मग अंडं, आणि आरशासमोर उभ्या राहून गोरं व्हायची वाट पाहतात. मी म्हणते, खा ना बाई, तुला खावंसं वाटतं ते. त्यांना वाटतं, म्हातारीला यातलं काही कळत नाही. वाटू दे. पथ्य या शब्दानं माझ्या घरात काय केलं होतं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार?

माझं सासर रिठदकडचं आणि माहेर मानोऱ्याजवळचं. मधे वाशीम. बहात्तर साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा माझं लग्न होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती आणि पोरगी अंगावर पीत होती. शेतात काही पिकलं नाही, म्हणून आम्ही सगळे दुष्काळी कामावर जायचो. बाया खडी फोडायच्या, माणसं मुरूम वाहायची. खायला कंट्रोलच्या दुकानातली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकर थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. सकाळी तीच, संध्याकाळी तीच, सोबत मीठ आणि तिखट. डाळ कशी लागते ते जीभ विसरून गेली होती. कामावर सुकडी वाटायचे, गुळाची चव असलेला भुगा. माझ्या वाट्याची मी पदरात बांधून आणायची आणि पोरीला चारायची. ती बोटं चाटून पुसून खायची आणि आणखी मागायची.

उन्हं तापायला लागली तशी माझ्या हातांची आग होऊ लागली. आधी वाटलं, खडी फोडून होत असेल. मग हातांची कातडी लाल झाली, मग काळी, मग सुकलेल्या चिखलासारखी तडकून निघू लागली. चोळीच्या बाहीपासून खाली सगळं काळं, वरती जशीच्या तशी. पायांवरही तसंच. आणि गळ्याभोवती, मानेपासून पुढे छातीपर्यंत, एक काळा पट्टा उठला. कामावरच्या बायांनी बसायची जागा बदलली. मी हंड्याला हात लावला की कोणी त्यातलं पाणी पीत नव्हतं. मला कोणी काही बोलत नव्हतं आणि आपसात सगळं बोलत होते.

रगतपिती, म्हणजे महारोग. हा शब्द घरात पहिल्यांदा सासूबाईंनी उच्चारला, तोही हळू आवाजात. त्या काही वाईट बाई नव्हत्या. हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. त्यांनी पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि म्हणाल्या, "आता अंगावर पाजू नको हिले. तू माहेरी जाय. बरी झाली का ये. पोरगी इथंच राहीन."

"आत्याबाई, ती माह्याबिगर झोपत नाई."

"झोपन. तुले झालं ते तिले व्हावं काय?"

नवऱ्याकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे पाहत होता. आई म्हणेल ते त्याला पटायचं; पटलं नाही तरी तो बोलायचा नाही. माझे बाबा मला न्यायला आले तेव्हा पोरगी ओट्यावर दोन्ही हात पुढे करून रडत होती. मी तिला हात लावला नाही. खरंच रगतपिती असली तर, असं माझ्याही मनात आलं होतं.

बाबांनी मला थेट घरी नेलं नाही, वाशीमला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कुठे गेले होते कोण जाणे. एक नर्सबाई ओसरीत बसून बायापोरांना तपासत होती. माझ्या आधी एका बाईच्या कडेवर पोर होतं, चांगलं गुबगुबीत. नर्सबाईनं त्याच्या पायावर अंगठा दाबून धरला आणि काढला, तर तिथे खड्डा तसाच राहिला. ती त्या बाईला रागावून काहीतरी सांगत होती. माझं लक्ष माझ्या हातांकडे होतं, आणि पदर कसा ओढला म्हणजे गळा दिसणार नाही याकडे. माझा नंबर आला तेव्हा तिनं मला डोळे मिटायला लावले आणि त्या काळ्या कातडीवर सुई टोचली. मी ओरडले.

"लागते ना? मंग महारोग नाई हा." तिनं माझी जीभ पाहिली. "जेवता काय तुमी?"

"भाकर."

"अन् भाकरीसंगं?"

मी पदर पुढे ओढला. तिनं थोड्या गोळ्या दिल्या आणि बाबांना सांगितलं, हिला डाळ द्या, शेंगदाणे द्या, जमलं तर दूध, अंडं. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेंगदाणे! अंगावर उठलेल्याले शेंगदाणे कोन देते? तिले का होते सांगाले?" मलाही त्यांचंच खरं वाटलं. महारोग नाही हे तिचं म्हणणं आम्ही घेतलं, खायचं काय ते तिथेच ठेवून आलो.

आमच्याकडे कातडीचं काही झालं की पथ्य ठरलेलं. वांगं बंद. तुरीची डाळ बंद, कारण ती गरम. शेंगदाणे, तेल, आंबट, अंडं, मांस, मासळी, सगळं बंद. मीठसुद्धा नाही. नुसती अळणी भाकर पाण्यात कुस्करून खायची. आमच्या लोकांनी धर्म बदलला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. देव घराबाहेर गेले, अंगारे गेले, उपासतापास गेले. बाबा तर या सगळ्याच्या इतके विरोधात की कोणी दिष्टीचं लिंबू टांगलं की स्वतः जाऊन तोडून टाकत. पण पथ्य गेलं नाही. पथ्य म्हणजे औषध, त्याचा देवाशी काय संबंध, असं ते म्हणत. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. ज्या वस्तू पथ्यात बंद होत्या, त्या तशाही घरात नव्हत्याच. डाळ नाही म्हणून पोरगी नुसती भाकर खाते, हे बापाला सांगवत नाही. पथ्यावर आहे म्हटलं की मान खाली घालावी लागत नाही.

तो सगळा उन्हाळा मी अळणी भाकर खाल्ली. गोळ्या होत्या तोवर थोडं बरं वाटलं, संपल्यावर पुन्हा तेच. मनही ठिकाणावर राहिलं नाही. बसल्या बसल्या रडू यायचं, कशासाठी रडते ते विसरून जायची. जिभेची साल निघाली. अंगावरचं दूध आटलं. ज्या दिवशी ते पुरतं आटलं त्या दिवशी मला वाटलं, आता माझ्यात आणि पोरीत काही उरलं नाही. सासरहून कोणी आलं की मी दाराआडून विचारायची, पोरगी कशी आहे? चांगली आहे म्हणायचे. मी विचारायची, माझी आठवण काढते का? यावर ते निघायची घाई करायचे. बाबा म्हणायचे, "पथ्य नीट पाय. मोडलं का सारं मुसळ केरात." मी पथ्य इतकं नीट पाळलं की उठून उभी राहिले की डोळ्यापुढे अंधारी यायची.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस बरा झाला. दसऱ्याच्या आसपास भुईमूग निघाला आणि माय मला मजुरीला सोबत घेऊन गेली. घरात बसून तरी काय करणार होते? आमच्याकडे शेंगा उपटायच्या कामाची एक रीत होती. वावरात बसून तोडणाऱ्या बायांनी खाव्या तितक्या शेंगा खाव्या, त्याला मालकाची ना नाही; फक्त घरी न्यायच्या नाहीत. नव्या बाया पहिल्या दिवशी पोट फुटेस्तोवर खायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शेंगांकडे पाहवत नसे. मालकाला ते माहीत असायचं, म्हणून तो उदार.

मी तोडत बसले. ओल्या मातीचा आणि शेंगांचा वास येत होता. एक शेंग फोडली, दाणे हातात घेतले. दुधाळ, गुलाबी. माझं काय होईल ते होवो, असं मनात म्हणाले आणि तोंडात टाकले. मग दुसरी फोडली, तिसरी फोडली, आणि मग मला थांबताच येईना. टरफलं मातीत दाबत होते. मान वर केली तर समोरच्या ओळीतून माय माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ओरडेल. तिनं इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा तोडायला लागली. घरी निघताना एवढंच म्हणाली, "तोंडाले माती लागली, पूस. बाबा पायतीन."

तेव्हापासून रोज मी वावरात शेंगा खात होते आणि घरी बाबांसमोर अळणी भाकर. मी वाट पाहत होते की आता अंग फुटून येईल, कातडी सोलून निघेल. निघालीही. काळी कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली आणि खालून माझी नेहमीची, सावळी, मऊ कातडी दिसू लागली. आधी बोटं, मग मनगट, सगळ्यात शेवटी गळा. जीभ भरून आली. रडू थांबलं. दिवाळीच्या सुमारास बाबांनी माझे हात उजेडात धरून पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पथ्यानं गुन आला," म्हणाले. माय चुलीपुढे बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

नवरा न्यायला आला. निघताना मायनं माझ्या बोचक्यात लुगड्याखाली एक पुरचुंडी घातली. वावरं रिकामी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला कोणी ना म्हणत नसे. तो सरवा तिनं वेचून, भाजून, सोलून ठेवला होता. "वाटंनं खाय," म्हणाली. वाटेवर खायला एवढे दाणे कोण देतं?

एसटीत मी नवऱ्याला पोरीबद्दल विचारलं. तो कधी नव्हे ते हसला. "मस्त झाली. गोरी झाली. गाल अशे आले का तुले ओळखू येनार नाई." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. वर्षभरात पहिल्यांदा मला सुखाचं रडू आलं. आम्ही दोघंही काळेसावळे. पोरगी गोरी झाली म्हणजे तिच्या नशिबानं माझं काही घेतलं नाही, असं मला वाटलं. हो, वाटलं. मीही याच गावात वाढले होते.

पोरगी ओट्यावर बसली होती. मला पाहून ती उठली नाही. रडली नाही, हसली नाही, लपली नाही. नुसती पाहत राहिली, कोण आलं याच्याशी तिला काही घेणंदेणं नसल्यासारखी. तोंड गोल, गाल आलेले, रंग खरंच उजळलेला. केस मात्र मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे तांबूस आणि विरळ झाले होते.

"पाय, कशी लोन्यावानी झाली," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुयावर जाऊ नये म्हनून म्या पयल्यापासून पथ्यावर ठेवली तिले. डाय नाई, दाना नाई, काही नाई. भाकर अन् पानी. एक डाग पडू देल्ला नाई अंगावर."

मी तिला मांडीवर घेतलं. ती जड होती, पण त्या जडपणात जोर नव्हता. तिनं माझ्या पदराला हात घातला नाही. मी तिची पावलं हातात घेतली. वरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. तेव्हा मला दवाखान्यातली ती ओसरी आठवली. मी तिच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मी पाहत होते आणि तो भरून येत नव्हता.

"आत्याबाई, ही सूज हाय."

"आली नाई तं पोरीले दिष्ट लावाले बसली! वर्सभर कोनं सांभायली?"

"चालत काहून नाई ती?"

"लहान हाय. चालन."

मी माहेरी जायच्या आधी ती चालत होती, धावत होती, कोंबड्यांच्या मागे पळत होती. सासूबाईंना ते आठवत नसेल असं नाही. पण कौतुकानं माणूस आंधळं होतं. नवऱ्याला म्हटलं, हिला वाशीमला नेऊ. तो आईकडे पाहून म्हणाला, चांगली तर आहे. रात्री सासूबाईंनी मला बजावलं, पोरीचं पथ्य मोडलं तर या घरात जागा नाही, आणि पोरगी तर मिळणारच नाही. त्या हे रागानं बोलल्या नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की त्या पोरीला माझ्यापासून वाचवताहेत. याच्याशी भांडायचं कसं, ते मला आजही कळत नाही.

मी भांडले नाही. शेण आणायच्या निमित्तानं पोरीला कडेवर घेऊन गोठ्यामागे जायची. मायनं दिलेले दाणे तोंडात बारीक चावायची आणि तिच्या तोंडात घालायची. पहिल्यांदा तिनं ते थुंकून टाकलं. भूकच मेली होती तिची. दुसऱ्या वेळी ओकली. मी तिला मारलं नाही एवढंच; मनातून इतकी चिडले होते, कोणावर ते मलाही सांगता आलं नसतं. मग एक दिवस तिनं गिळलं. शेजारच्या घरी बकरी व्याली होती. तिथल्या बाईकडे मी भांडी घासायला गेले आणि बदल्यात वाटीभर दूध मागितलं. कोणासाठी ते तिनं विचारलं नाही.

सूज उतरू लागली, आणि तेच माझ्या मुळावर आलं. गाल गेले. गुबगुबीतपणाच्या आत जे पोर होतं ते बाहेर दिसायला लागलं, हाडं आणि डोळे. कातडीचे पापुद्रे निघू लागले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माय आली अन् पोरगी वायली," म्हणजे वाळली, असं सगळ्या वस्तीला सांगत सुटल्या. मला माहेरी परत धाडायचं बोलणं सुरू झालं. नवरा रात्री म्हणाला, "तुले दिसत नाई का? तू आल्यापासून खराब होऊन राह्यली ती." मला दिसत होतं. तिच्या फासळ्या माझ्या हाताला लागत होत्या, आणि मीच तर चुकत नाही ना या भीतीनं माझी झोप उडाली होती. नर्सबाई सोडली तर माझ्या बाजूनं बोलणारं जगात कोणी नव्हतं, आणि तिचंही मी ऐकलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "संक्रांतीपर्यंत राहू द्या." ते त्यानं आईला सांगितलं. आयुष्यात त्यानं माझ्यासाठी आईकडे मागितलेली ती पहिली गोष्ट असावी.

दाणे संपले. मी दुसऱ्यांच्या वावरात सरवा वेचला, मूग वेचले, जे मिळेल ते चावलं आणि भरवलं. थकून गेले होते. माया करायचंही त्राण नव्हतं. भरवायचं, एवढंच उरलं होतं. मग तिचे केस मुळाशी काळे येऊ लागले. ती माझी बोटं धरून उभी राहू लागली. आणि तिचा रंग परत आला. आधी कपाळावर, मग हातापायांवर, आमच्या दोघांचा असतो तसा पक्का, काळासावळा रंग.

संक्रांत जवळ आली होती. सासूबाई अंगणात एका शेजारणीजवळ बसून गाऱ्हाणं सांगत होत्या. "काय सांगू बाई, कशी लोन्यावानी गोरी ठेवली होती म्या. ही आली अन् पोरीचा कोयसा केला. आता सून कोन करन हिले?" शेजारीण चकचक करत होती. मी आत दळत होते. पोरगी अंगणात एकटीच एका कोंबडीच्या मागे लागली होती, डुलत, पडत, उठत. मग ती दगडाला अडखळून चांगलीच आपटली, गुडघा फुटला, आणि तिनं भोकाड पसरलं. मोठ्यानं, छातीतून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

मी आल्यापासून ती अशी रडली नव्हती. नुसती कुंथायची.

"अवं, उचल ना तिले! कायले बसली?" सासूबाई ओरडल्या.

जात्याचा खुंटा माझ्या हातात होता. मी लगेच उठले नाही. पोरगी रडत होती आणि मी ते ऐकत बसले होते.